‘आपण’ म्हणजे कोण?

मराठी भाषेने आपली एक मोठी सोय करून ठेवली आहे. समोरच्या माणसाला वगळून बोलायचे असेल तर ‘आम्ही’ म्हणावे आणि त्याला सामावून घ्यायचे असेल तर ‘आपण’. लॅटिनला ही सोय नाही, इंग्रजीलाही नाही. सेमिनरीत लॅटिनचे पाठ गिरवताना ‘नोस’ या एकाच शब्दात दोन्ही अर्थ कोंबलेले पाहून आम्हांला आपल्या मातृभाषेचा अभिमान वाटला होता. परंतु या सोयीचा गैरवापर किती सहजपणे आणि किती गोड आवाजात करता येतो, हे उमगण्यासाठी पन्नाशी ओलांडावी लागली आणि गुहागर तालुक्यातील तवसाळच्या धक्क्यावर दीड तास बसून राहावे लागले.

धर्मगुरूने स्वतःविषयी लिहिताना ‘आम्ही’ म्हणावे, अशी जुनी रीत आहे. ती आम्ही पाळत आहो. मात्र या लेखात जेथे जेथे ‘आम्ही’ येईल तेथे वाचकांनी एकच माणूस समजावा. बसमधील बाकीच्या अडतीस जणांना त्यात ओढू नये. त्यांना एकदा ओढून झाले आहे.

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचा दर्शनसोहळा ओल्ड गोवा येथे दर दहा वर्षांनी होतो. या वेळी तो 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात झाला. आमच्या धर्मग्रामातून एक बस न्यावी असे ठरले. आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात, शुक्रवार दिनांक 13 डिसेंबर रोजी पहाटे चार वाजता, चर्चच्या आवारात प्रार्थना करून आम्ही निघालो. सर्वांत वडील यात्रेकरू एकोणऐंशी वर्षांचे होते आणि सर्वांत धाकटी सहा वर्षांची. चालक एकच होता आणि त्याच्या जोडीला एक क्लीनर. रात्री नऊपर्यंत गोव्यात पोहोचायचे, विश्रांती घ्यायची आणि शनिवारी सकाळी सातच्या मिस्साबलिदानास हजर राहायचे, अशी योजना होती.

मुंबई–गोवा महामार्गाची कहाणी वाचकांना नव्याने सांगायला नको. 2011 साली सुरू झालेले त्याचे चौपदरीकरण 2024 सरत आले तरी पुरे झालेले नव्हते. धूळ, वळणरस्ते आणि खड्डे यांतून साडेसात तासांनी चिपळूण आले. तेथे पोटभर जेवण झाले. सुरमईचे कालवण उत्तम होते. हा तपशील वायफळ नाही, पुढे त्याचे काम पडणार आहे. जेवण आटोपून बसमध्ये चढताना आमच्या मनात एक विचार आला आणि तो आम्ही तेथल्या तेथे बोलून टाकला: “आपण महामार्ग सोडून किनाऱ्याने जाऊ या. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी पाहू, तवसाळला फेरीबोटीतून बससकट खाडी ओलांडू आणि जयगड, गणपतीपुळेवरून पुन्हा महामार्गाला लागू. दोन तास जास्त लागतील, पण देवाची सृष्टी तरी डोळे भरून पाहू.”

तरुणांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी गाणे सुरू केले. चालक मात्र खाली उभा राहून म्हणाला, “फादर, तिकडचे रस्ते बारीक आहेत. मोठी गाडी आहे आपली. पुढं उशीर होईल.” आम्ही हसून उत्तर दिले, की उशीर झाला तर झाला, यात्रा म्हणजे काही शर्यत नव्हे. त्यावर तो म्हणाला, “तुम्ही म्हणाल तसं,” आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. बाकी कोणी काही बोलले नाही.

वाट सुंदर होती, हे आम्ही नाकारणार नाही. मार्गताम्हाने, शृंगारतळी मागे पडली आणि गुहागरला सुरूच्या झाडांमागून समुद्र दिसला तेव्हा बसमध्ये एकदम शांतता पसरली. आयुष्यभर समुद्राच्या कुशीत राहिलेली आमची माणसे, तीही त्या स्वच्छ, मोकळ्या किनाऱ्याकडे नवल वाटल्यागत पाहत राहिली. दोन आजीबाई लुगडी सावरून पाण्यात उभ्या राहिल्या. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकातून सृष्टीविषयी जे सांगितले त्यावर आम्ही वाळूतच पाच मिनिटे बोललो. आज ते आठवले की संकोच वाटतो. विषय चांगला होता, पण बोलण्यात आपल्या निवडीवर शिक्कामोर्तब करून घेण्याची घाई होती.

कोकणच्या किनाऱ्याचे एक वैशिष्ट्य आहे, जे नकाशावर कळत नाही. सह्याद्री समुद्रापासून जवळ असल्यामुळे येथल्या नद्या आखूड आणि वेगवान असतात. प्रत्येक नदी समुद्राला मिळताना किनाऱ्यात खोल खाडी कोरते आणि दोन खाड्यांच्या मध्ये कातळाचा उंच सडा असतो. म्हणून किनाऱ्यालगतचा रस्ता सरळ धावू शकत नाही. तो सड्यावर चढतो, खाडीच्या मुखाशी उतरतो आणि पूल नसेल तर तेथेच संपतो. पुढे बोट तरी हवी, नाहीतर माघारी जाऊन खाडीच्या वरच्या अंगाला पूल शोधावा लागतो. रेवस ते रेडी असा अखंड सागरी मार्ग व्हावा ही कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासूनची. परंतु सर्व खाड्यांवर अजून पूल झालेले नाहीत. शास्त्री नदीच्या मुखाशी एका बाजूला तवसाळ आणि दुसऱ्या बाजूला जयगड. मध्ये दहा-पंधरा मिनिटांचे पाणी.

आम्ही चारच्या सुमारास तवसाळला पोहोचलो. धक्क्यावर मोटारगाड्यांची रांग होती. बोटीवरच्या माणसाने आमच्या बसकडे पाहिले, मग पाण्याकडे पाहिले आणि शांतपणे सांगितले की आता पूर्ण ओहोटी आहे, उतार फार खोल गेला आहे, एवढ्या लांब गाडीचे बूड घासेल, पाणी चढू द्या, मग घेऊ. किती वेळ? साडेसहा तरी होतील, आणि आधी या लहान गाड्या. त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. तो आपले काम चोख करीत होता आणि त्याने आम्हांला संकटातूनच वाचवले.

येथून पुढे जे झाले ते एका वाक्यात सांगता येईल: आम्ही आधी थांबलो आणि मग वळलो, आणि दोन्ही उशिरा केले. पण त्या दीड तासात आमच्या मनात काय चालले होते ते सांगणे अगत्याचे वाटते. सेमिनरीत ज्यांनी अध्यात्मसाधना शिकवली त्यांनी संत इग्नेशियस लोयोला यांचा एक नियम मनावर बिंबवला होता. आत्मा उद्विग्न असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, त्याला चिकटून राहावे, असा तो नियम. धक्क्यावर मुले कुरकुरू लागली, मधुमेह असलेल्या एका बाईंची सायंकाळच्या इंजेक्शनाची आणि जेवणाची वेळ जवळ येऊ लागली, चालक चाकाशी उकिडवा बसून राहिला आणि आम्ही स्वतःला बजावत होतो: ही उद्विग्नता आहे, निश्चय बदलू नको. एवढेच नव्हे, तर लोकांची कुरकुर ऐकून आम्हांला गणना या ग्रंथातील इस्राएली लोक आठवले. अदोम देशाला वळसा घालताना त्यांचा धीर सुटला, ते मोशेविरुद्ध बोलू लागले आणि त्यांच्यावर सर्प आले. म्हणजे आमच्या मनात आम्ही मोशे होतो!

विद्येचा असा उपयोग करता येतो. तो नियम खरा आहे, पण तो ज्या निश्चयाविषयी आहे तो निश्चय प्रार्थनेत, शांत चित्ताने, तपासून केलेला असतो. चिपळूणला आमच्यापाशी निश्चय कोठे होता? सुरमईचे कालवण होते आणि उत्साह होता. त्याच संत इग्नेशियस यांनी दुसऱ्या एका ठिकाणी असेही सांगितले आहे, की विचाराचा आरंभ, मध्य आणि शेवट तिन्ही तपासावेत, कारण चांगल्या वाटणाऱ्या विचाराच्या शेपटाकडे पाहिले की कधीकधी तो कोणाकडून आला ते कळते. हा नियम आम्हांला धक्क्यावर आठवला नाही. जो आठवला तो आमच्या सोयीचा होता.

आणि जी गोष्ट खरोखर आठवायला हवी होती ती तर आपण दरवर्षी वाचतो. संत लूक सांगतो, की मरिया आणि योसेफ यरुशलेमहून परत निघाले आणि बाळ येशू सोबत्यांत असेल असे समजून एक दिवसाची वाट चालून गेले. तो नाही असे कळताच ते परत फिरले. एक दिवसाची चाल वाया गेली, लोक काय म्हणतील, थोडे पुढे जाऊन पाहू, यांपैकी काहीही तेथे नाही. पवित्र कुटुंबाच्या गुणांवर आम्ही किती प्रवचने दिली असतील! चुकलेल्या वाटेवरून विनाविलंब मागे फिरण्याचा हा गुण त्यांत कधी मोजला नाही.

साडेपाचला शेवटी बस वळवली. आबलोलीवरून भातगावच्या पुलाकडे आणि तेथून जाकादेवीमार्गे निवळी फाट्यावर, असा तो रस्ता. अंधार पडला. एका वळणावर समोरून एस.टी. आली. दोघांपैकी एकाने मागे सरायला हवे होते. क्लीनर खाली उतरून बॅटरी दाखवू लागला आणि आमची बस तसूतसूने मागे गेली तेव्हा एका बाजूला नुसता काळोख होता. दोन मुलांना उलट्या झाल्या. मधुमेही बाईंनी कोणाच्या तरी पिशवीतील केळी आणि चपाती खाऊन वेळ निभावली. त्रयोदशीचा चंद्र वर आला होता आणि खाडीचे पाणी सुंदर दिसत असावे. कोणी पाहिले नाही. आम्ही जपमाळेची प्रार्थना सुरू केली. उत्तरे येत होती, पण ती प्रार्थनेची होती की भीतीची, हे सांगवत नाही.

महामार्गाला लागलो तेव्हा साडेआठ झाले होते. जेवण, पुन्हा प्रवास. राजापूर मागे पडल्यानंतर, रात्री साडेअकराच्या सुमारास, बसची डावी चाके खडीवर गेली, गाडी हिसका खाऊन पुन्हा रस्त्यावर आली. बहुतेकांना जागही आली नाही. पुढच्या बाकावर आमच्या धर्मग्रामातील एक परिचारिका बसली होती. ती उठून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, “गाडी थांबवा.” तिने आमच्याकडे पाहिले नाही. परवानगी विचारली नाही. चालकाला म्हणाली, “दादा, तुम्ही झोपा आता.” पहाटे चारपासून तो माणूस चाकावर होता, म्हणजे साडेएकोणीस तास! तवसाळच्या धक्क्यावरचे दीड तास त्यातून वजा करावेत म्हटले, तर तेही त्याने विश्रांतीत काढले नव्हते, काळजीत काढले होते. मोटार वाहतूक कामगारांसाठी 1961 साली झालेला कायदा तेव्हा दिवसाला साधारणपणे आठ तासांचे काम सांगत होता. हा कायदा आम्हांला ठाऊक होता. कामगारदिनी, संत योसेफाच्या सणाला, त्याचा उल्लेखही आम्ही केलेला आहे.

एका पेट्रोलपंपाच्या आवारात बस उभी राहिली. चालक पहाटे चारपर्यंत झोपला. सातची मिस्सा हुकली. आठच्या सुमारास ओल्ड गोव्यात पोहोचून आम्ही दर्शनाच्या रांगेत उभे राहिलो.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो प्रश्न. या साऱ्यात चूक कोठे झाली?

सहज उत्तर असे, की तवसाळला झाली. ओहोटी होती, बोट मिळाली नाही, दैव प्रतिकूल होते. समजा, पाणी भरलेले असते आणि बस बोटीत चढली असती, तर आम्ही सायंकाळी गणपतीपुळ्याचा किनारा पाहत पुढे गेलो असतो आणि फादरांनी काय सुंदर वाट दाखवली म्हणून वर्षभर कौतुक झाले असते. खरे आहे. परंतु म्हणूनच त्या उत्तरावर आमचा विश्वास नाही. कृती एकच, आणि समुद्राच्या पाण्यावरून ती एकदा पुण्य ठरते आणि एकदा दोष, असे नीतिशास्त्र समुद्राला लावता येईल, माणसाला नाही. आमचा दोष तवसाळला घडला नाही. तो चिपळूणला, भर दुपारी, आकाश निरभ्र असताना आणि सर्व जण हसत असताना पुरा झाला होता. पुढच्या बारा तासांत तो फक्त उघडकीला आला.

तो दोष कोणता, हे दर्शनाच्या रांगेत कळले. त्या एकोणऐंशी वर्षांच्या गृहस्थांशेजारी आम्ही उभे होतो. त्यांचे सारे आयुष्य मासेमारीत गेले, त्यांतील बराच काळ तांडेल म्हणून. बोलता बोलता ते म्हणाले, “काल तेरस होती, फादर. उधाणाचे दिवस. चार-साडेचारला पूर्ण सुकती असणारच.”

आम्ही विचारले, “हे तुम्हांला चिपळूणला ठाऊक होते?”

“होतं की.”

“मग बोलला का नाही, बाबा?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “फादरांनी ठरवलं म्हटल्यावर आपण काय बोलायचं? आणि कोणी विचारलंही नाही.”

आमच्या पोथ्यांत अज्ञानाचे दोन प्रकार सांगितलेले असतात. एक, जे दूर करणे माणसाच्या हाती नसते, त्याचा दोष नाही. दुसरे, जे थोड्या प्रयत्नाने दूर झाले असते. त्याची जबाबदारी माणसावर राहते. सेमिनरीत याची उदाहरणे वैद्याची आणि न्यायाधीशाची देत. आमचे अज्ञान दूर करायला किती प्रयत्न पुरला असता? बसमध्ये तीन बाके मागे जाऊन एक प्रश्न विचारायचा होता. संत थॉमस अक्वायनस यांनी अविचारी घाईचे वर्णन करताना जिन्याची उपमा वापरली आहे. बुद्धीकडून कृतीकडे उतरताना पायऱ्या आहेत: गेल्या गोष्टींचे स्मरण, आजच्या परिस्थितीची जाण, पुढचा अंदाज, तुलना, आणि वडीलधाऱ्यांचे ऐकून घेण्याची तयारी. या पायऱ्या ओलांडून जो वासनेच्या धक्क्याने खाली येतो तो उतरत नाही, कोसळतो. ही उपमा आम्ही परीक्षेत लिहिली होती आणि तिला गुणही चांगले मिळाले होते.

कोणी म्हणेल, त्या बाबांचाही दोष नाही का? मौन म्हणजे संमती, असे आपण म्हणतोच. ख्रिस्तसभेच्या कायद्यातही हे सूत्र आहे. पोप आठवे बोनिफेस यांनी 1298 साली जो कायदासंग्रह प्रसिद्ध केला त्याच्या शेवटी 88 सूत्रे दिली आहेत. त्यांतील 43 वे असे, की जो गप्प राहतो तो संमत आहे असे मानले जाते. हे सर्वांना पाठ असते. त्याच्या लगेच खालचे 44 वे सूत्र मात्र फारसे कोणी उच्चारत नाही. गप्प राहणारा कबूल करीत नाही आणि नाकारीतही नाही, असा त्याचा आशय. दोन्ही सूत्रे एकाखाली एक ठेवणारा माणूस शहाणा असला पाहिजे. मौन हे मौनच असते. त्यात संमती आहे की भीती, सवय की आदर, हे पाहण्याचे काम बोलणाऱ्याचे आहे, आणि ज्याच्या हाती अधिकार त्याचे तर सर्वांत आधी. कायदेपंडितांनी पहिल्या सूत्राला पुढे एक पुस्तीही जोडली: जेथे बोलणे त्याचे कर्तव्य होते आणि जेथे बोलणे त्याला शक्य होते तेथेच. त्या बाबांना बोलणे शक्य होते काय? तोंड होते, ज्ञान होते. पण लहानपणापासून त्यांनी धर्मगुरूंसमोर टोपी काढून उभे राहायचे हेच पाहिले, आणि ते त्यांना आमच्याच पूर्वसूरींनी शिकवले. त्यांच्या मौनात थोडा दोष असेल तर असो. त्या मौनाची शाळा आमची होती.

चालकाचे तसेही नाही. तो बोलला होता. एकदा बोलला आणि पुन्हा बोलला नाही, कारण त्याच्या मालकाला भाडे आम्ही देणार होतो. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या ‘चालेल’ला संमती म्हणणे ही स्वतःचीच फसवणूक आहे. वाट निवडण्याचा आनंद आमचा, वाट पाहण्याचा आनंद यात्रेकरूंचा आणि वाट चालवण्याचा भार त्याचा. त्या ‘आपण’मध्ये तो कोठे होता?

याच सूत्रांमध्ये 29 वे आहे: जे सर्वांना लागू होते त्याला सर्वांची मान्यता असावी. सातशे वर्षांपूर्वीचे हे सूत्र अलीकडे पुन्हा आठवले जाऊ लागले ते पोप फ्रान्सिस यांनी 2021 साली सुरू केलेल्या सिनडमुळे. ‘सिनड’ या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी एकत्र वाटचाल. तो सिनड ऑक्टोबर 2024 मध्ये संपला, म्हणजे आमच्या यात्रेच्या जेमतेम सात आठवडे आधी. आमच्या धर्मग्रामातही 2022 साली त्यानिमित्त सभा झाल्या होत्या, लोकांचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी. त्यांचा अहवाल आम्ही एकट्याने बसून लिहिला. छान झाला होता.

तर मग पुढाऱ्याने कधी आडवाटेने नेऊच नये काय? असे म्हणणे भित्रेपणाचे होईल. परमेश्वरानेच आपल्या लोकांना मिसर देशातून जवळच्या वाटेने नेले नाही. पलिष्ट्यांच्या मुलुखातून जाणारा रस्ता सोडून त्याने अरण्याचा लांब वळसा घेतला. पण निर्गम ग्रंथ त्याचे कारण देतो: लढाई पाहून हे लोक घाबरतील आणि मागे फिरतील, हे त्याला ठाऊक होते. तो वळसा दुबळ्यांसाठी होता. आमचा वळसा टाळ्या वाजवणाऱ्यांसाठी होता. मधुमेही बाई, सहा वर्षांची मुलगी आणि चालक यांचा हिशेब त्यात कोणी केला नव्हता. सौंदर्य ही चैन आहे असे आम्ही मानत नाही. गुहागरला पाण्यात उभ्या राहिलेल्या त्या दोन आजीबाई आजही भेटल्या की त्या पाण्याविषयीच बोलतात, रात्रीविषयी अवाक्षर काढत नाहीत. त्यांचे ते बोलणे ऐकून आम्हांला बरे वाटते. ते बरे वाटणे किती विश्वासार्ह आहे, याविषयी शंकाही वाटते. लोकांनी क्षमा केली म्हणजे आपले बरोबर होते, असा निष्कर्ष काढण्याकडे मनाची धाव फार असते.

रांग हळूहळू पुढे सरकली आणि आम्ही कॅथीड्रलमध्ये पवित्र अवशेषांसमोर आलो. संत फ्रान्सिस झेवियर यांना मृत्यू आला तो 3 डिसेंबर 1552 रोजी, चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर. पलीकडे नेण्याचे कबूल केलेल्या व्यापाऱ्याची बोट ते अखेरपर्यंत पाहत राहिले, ती आली नाही. बोटीची वाट पाहणे एवढेच साम्य. त्यापुढे तुलना करू धजत नाही. ते ज्या वाटेने गेले तिची किंमत त्यांनी स्वतःच्या देहाने मोजली, अडतीस माणसांच्या नव्हे. समोर उभे राहण्यास प्रत्येकाला काही क्षणच मिळत होते. आम्ही त्या क्षणांत काय मागितले ते येथे लिहीत नाही.

परतीच्या प्रवासाला रविवारी सकाळी, मिस्सा आटोपल्यावर निघालो. बस सुरू होण्यापूर्वी आम्ही उभे राहून विचारले, कोणत्या वाटेने जायचे. सर्व जण आमच्याकडे पाहत राहिले. मग दोन-तीन आवाज आले: “फादर म्हणतील तसं.” आम्ही खाली उतरून चालकाला विचारले. तो प्रथम गोंधळला, मग म्हणाला की महामार्गानेच जाऊ, दर तीन तासांनी थांबू आणि रात्री अकरानंतर मी चालवणार नाही, मग कुठं का असेना. परिचारिका म्हणाली, बरोबर आहे. मागून एका तरुणाने मालवणचा किनारा पाहायची इच्छा बोलून दाखवली, त्यावर बाबांनी भरतीची वेळ सांगितली, त्यावरून दोघांचा वाद झाला. या सगळ्यात पाऊण तास गेला. आम्हांला तो फार लांबल्यासारखा वाटला, हे कबूल केले पाहिजे. दोनदा तोंड उघडून आम्ही मिटले.

जानेवारी 2025 मध्ये पॅरिश कौन्सिलची सभा झाली. चर्चच्या मागील बाजूच्या कुंपणाची भिंत नव्याने बांधण्याचा विषय होता. आराखडा तयार होता, तो आम्हीच करून घेतला होता. आम्ही तो मांडला, कोणाला काही सांगायचे आहे का असे विचारले आणि नेहमीप्रमाणे पुढच्या विषयाकडे वळण्याऐवजी गप्प बसलो. घड्याळाचा काटा ऐकू येत होता. कोणी पंख्याकडे पाहत होते, कोणी हातातील कागदाकडे. बऱ्याच वेळाने मागच्या बाकावरून एक शेतकरी गृहस्थ उठले आणि म्हणाले, “फादर, राग मानू नका. त्या भिंतीनं पावसाचं पाणी अडेल, आणि ते सगळं माझ्या वाडीत येईल.”